चाळीस खाती, तीन पासवर्ड: बाकीचे लक्षात ठेवायचेच नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. जीमेल, दोन बँका, आयआरसीटीसी, वीजबिल, आयकर, डिजिलॉकर, खरेदीची अ‍ॅप्स अशी चाळीसेक खाती आहेत. सगळीकडे एकच मूळ शब्द, त्यापुढे साइटचं नाव आणि एखादा आकडा. बँक दर काही महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावते आणि तिथे गाडी अडते. पासवर्ड वहीत लिहावेत का, अ‍ॅपवर भरवसा ठेवावा का, आणि 'मजबूत' म्हणजे नेमका किती मजबूत?

चाळीस पासवर्ड लक्षात ठेवायचा प्रयत्न आधी सोडून द्या. डोक्यात राहतील असे चाळीस पासवर्ड म्हणजे फिरून फिरून तोच एक पासवर्ड असतो. पाठ असावेत फक्त तीन: फोनचं लॉक, मुख्य ईमेलचा पासवर्ड आणि पासवर्ड मॅनेजरचा, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद जपणाऱ्या अ‍ॅपचा, पासवर्ड. उरलेले तुम्हालासुद्धा माहीत नसावेत. एटीएम आणि यूपीआयचे पिन हा वेगळा प्रकार आहे, त्याबद्दल पुढे.

तुमच्या सध्याच्या पद्धतीत नेमकं काय बिघडतं ते पाहू. समजा वीजबिलाच्या साइटवर तुम्ही रोमन लिपीत 'सह्याद्री@वीज७' ठेवलाय आणि रेल्वेच्या साइटवर 'सह्याद्री@रेल्वे७'. यातली कुठलीही एक साइट फुटली की तुमचा ईमेल पत्ता आणि पासवर्ड जोडीने यादीत जातो. अशा याद्या विकल्या जातात, फुकटही वाटल्या जातात, आणि प्रोग्राम त्या जोड्या शेकडो साइटवर लावून पाहतात. हॅकर तुमच्या मागावर असायची गरजच नाही. जोडी जशीच्या तशी चालली नाही, तरी 'वीज'च्या जागी 'रेल्वे' घालायची युक्ती एक नजर टाकणाऱ्याला कळते. २००९ साली रॉकयू नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड उघड्या अक्षरांत बाहेर पडले, त्यात सगळ्यात वर '१२३४५६' होता. ती यादी पासवर्ड फोडणाऱ्यांच्या हत्यारांत आजही पहिली असते. २०१२ साली लिंक्डइन फुटलं, पण त्या चोरीचा खरा आकार २०१६ साली दहा कोटींहून जास्त पासवर्डांचे हॅश (त्यांची सांकेतिक रूपं, त्याबद्दल पुढे) विक्रीला आले तेव्हा कळला. मधली चार वर्षं लोक तोच पासवर्ड इतरत्र वापरत होते.

म्हणून वेगळेपणा आधी, मजबुती नंतर. मध्यम ताकदीचा पण प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड हा सगळीकडे वापरलेल्या एका भक्कम पासवर्डपेक्षा कितीतरी चांगला. सल्ले देणारे बहुतेक लोक हे उलट्या क्रमाने सांगतात.

आता मजबुती. नीट चालवलेली साइट तुमचा पासवर्ड साठवत नाही, त्याचा हॅश साठवते. पासवर्डवरून हॅश काढता येतो, हॅशवरून पासवर्ड काढता येत नाही. चोराच्या हाती हॅश लागले की तो अंदाज घेत बसतो: एक शब्द घ्यायचा, हॅश काढायचा, जुळतो का पाहायचं. हे तो स्वतःच्या मशीनवर करतो, त्यामुळे 'पाच चुकीचे प्रयत्न, खातं बंद' हा नियम तिथे लागू नसतो. त्याचा वेग साइटने हॅश कसा काढलाय यावर ठरतो. एमडी५ ही जुनी पद्धत असेल तर एक महागडं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दीडशे अब्जांच्या घरात अंदाज तपासतं. बीक्रिप्टसारखी मुद्दाम संथ केलेली पद्धत असेल तर तेच कार्ड लाख-दोन लाखांवर येतं, आणि साइटने तिची पातळी वाढवली असेल तर आणखी खाली. साइटने कुठली पद्धत वापरलीय ते तुम्हाला कळत नाही, म्हणून वाईटातली वाईट धरून चालायचं.

त्या वेगाने लहान लिपीतल्या आठ रोमन अक्षरांचे सगळे पर्याय, म्हणजे सुमारे २०९ अब्ज, दीड सेकंदात संपतात. मोठी-लहान अक्षरं, आकडे, चिन्हं असं कीबोर्डवरचं सगळं वापरून केलेली आठ अक्षरं अर्धा दिवससुद्धा टिकत नाहीत. आणि हा हिशेब खरोखर यादृच्छिक अक्षरांचा. माणसाने रचलेला पासवर्ड त्याच्याही आधी पडतो, कारण पहिलं अक्षर मोठं करणं, 'ए'च्या जागी '@' लिहिणं, शेवटी '१२३' किंवा जन्मसाल जोडणं हे सगळं हॅशकॅटसारख्या पासवर्ड फोडणाऱ्या प्रोग्रामात नियम म्हणून भरलेलं आहे. गणेश, साई, शिवाजी, आई, मुलांची नावं, गाडीचा नंबर, लग्नाची तारीख यांच्या बाबतीतही तेच. आरतीची पहिली ओळ किंवा गाजलेलं गाणं सलग लिहिलं की लांबी वाढते, पण याद्यांमध्ये गाण्यांच्या ओळी, म्हणी आणि पुस्तकांतली वाक्यंही असतात, रोमन मराठीतलीसुद्धा.

लक्षात राहणारा आणि तरीही न फुटणारा पासवर्ड करायची भरवशाची पद्धत एकच आहे: शब्द तुम्ही निवडायचे नाहीत, फाशांनी निवडायचे. १९९५ साली आर्नल्ड राइनहोल्ड यांनी डाइसवेअर नावाने ती मांडली. ७,७७६ शब्दांची क्रमवार यादी असते. सापशिडीचा फासा पाच वेळा टाकायचा, येणाऱ्या पाच आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा, असं सहा वेळा करायचं. यादी इंग्रजी असते आणि इंग्रजीला हरकत नसेल तर तीच सोपी पडते. बिटवॉर्डनसारख्या मॅनेजरमधला 'पासफ्रेज' पर्याय हेच काम बटण दाबून करतो.

मराठी शब्द हवे असतील तर घरातला पाच-सहाशे पानांचा शब्दकोश आणि खिशातल्या नोटा पुरतात. नोटेवरच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे घ्या. क्रमांक ४८३२१७ असेल तर ३२१७: पान ३२१, त्यावरचा सातवा शब्द. शून्य म्हणजे दहावा. पानाचा आकडा कोशाच्या बाहेर गेला तर ती नोट सोडा. नोटा भाजीवाल्याकडून, रिक्षावाल्याकडून सुट्या आलेल्या असाव्यात. एटीएममधून निघालेल्या कोऱ्या नोटांचे नंबर ओळीने असतात, त्या चालणार नाहीत. झाल्यावर नोटा खर्चून टाका. सहाशे पानं गुणिले दहा म्हणजे दर शब्दाला सहा हजार पर्याय. असे पाच शब्द वर सांगितलेल्या वाईटातल्या वाईट वेगापुढे एका कार्डाला दीडेक वर्ष अडवतात, सहा शब्द हजारो वर्षं. म्हणून सहा.

समजा असं आलं: तगर, मुनीम, झारा, वीट, पदर, कुंपण. (छापून आलेला वाक्यांश कधीच वापरायचा नसतो, हाही नाही.) इथे तीन चुका हमखास होतात. पहिली, एखादा शब्द आवडला नाही म्हणून बदलणं. दोन-तीनदा असं केलं की निवड पुन्हा तुमचीच झाली. दुसरी, क्रम बदलून अर्थ लावणं. सहा शब्द ७२० प्रकारे लावता येतात, त्यातली 'बरी वाटणारी' रचना तुम्ही निवडली की चोराचं काम तेवढ्या प्रमाणात हलकं होतं. तिसरी चूक मराठीचीच: रोमन स्पेलिंग. झारा हा 'झेड'ने लिहायचा की 'जे-एच'ने? वीटमध्ये एक 'आय' की दोन 'ई'? कुंपणाच्या अनुस्वाराला 'एम' की 'एन'? आज एक लिहिलंत आणि महिन्याने दुसरं, तर पासवर्ड पाठ असूनही दार उघडणार नाही. स्वतःपुरता नियम आधीच ठरवा: दीर्घ स्वराला दुहेरी अक्षर नाही, झ म्हणजे कायम 'जे-एच', अनुस्वार उच्चाराप्रमाणे. ज्ञ, क्ष, ऋ असलेला शब्द आला तर त्याच्या पुढचा शब्द घ्या. एवढ्याने ताकदीत फारसा फरक पडत नाही.

मग सरळ देवनागरीतच पासवर्ड का ठेवू नये, असं कुणी विचारतं. कल्पना वाईट नाही, व्यवहारात ती दगा देते. बऱ्याच साइट रोमन सोडून दुसरी लिपी घेतच नाहीत. ज्या घेतात तिथे 'ऱ' हे अक्षर एका कीबोर्डवरून एका संकेताने जातं, दुसऱ्यावरून र अधिक नुक्ता अशा दोन संकेतांनी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साइटने दोन्ही रूपं एकसारखी करून घेतली नसतील तर हॅश वेगळा येतो. शिवाय बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट (अक्षरं साठवायची एककं) पाहतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. वरचे सहा शब्द मधल्या मोकळ्या जागांसह देवनागरीत ७४ बाइट होतात, म्हणजे शेवटचा 'ण' पुरता मोजलाच जात नाही. रोमनमध्ये तेच ३४ बाइटांत बसतात. आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर देवनागरी कीबोर्ड नसला की बसा शोधत.

पाठ करण्यासाठी शब्दांचं चित्र बनवा, आलेल्या क्रमातच: तगरीखाली बसलेला मुनीम झाऱ्याने वीट उलथतोय आणि त्याचा पदर कुंपणात अडकलाय. जितकं विचित्र तितकं बरं. पहिल्या दिवशी पाच-सहा वेळा टाइप करा, नंतर आठवडाभर रोज सकाळ-संध्याकाळ एकदा. तोवर कागदावर लिहून पाकिटात ठेवायला हरकत नाही, फक्त तो कशाचा पासवर्ड आहे ते त्या कागदावर लिहू नका. बोटांना सवय झाली की कागद बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कागदपत्रांच्या फायलीत. आठवड्याने फाडून टाकू नका. आजारपणानंतर किंवा लांबच्या सुट्टीवरून आल्यावर पाठ पासवर्ड विसरणं अगदी नेहमीचं आहे, आणि मॅनेजरचा मुख्य पासवर्ड कंपनीकडूनही परत मिळत नाही.

आता मॅनेजर. बिटवॉर्डन फुकटात पुरेसं देतं, त्याचा कोड खुला आहे, फोन आणि संगणक दोन्हीकडे चालतं. ढगात, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, काहीच ठेवायचं नसेल तर संगणकावर कीपासएक्ससी आणि अँड्रॉइडवर कीपासडीएक्स. यात सगळं एका फाइलमध्ये असतं आणि त्या फाइलच्या प्रती सांभाळणं तुमच्या गळ्यात पडतं. गुगलचा किंवा अ‍ॅपलचा स्वतःचा मॅनेजरही 'सगळीकडे एकच'पेक्षा लाखपटीने बरा. फक्त त्यात फोनच्या पिनवर सगळं टांगलेलं असतं. लोकलमध्ये मागे उभ्या माणसाने चार आकडी पिन पाहिला आणि पुढच्या स्टेशनला फोन गेला, तर पासवर्ड, ईमेल आणि ओटीपी तिन्ही गेले. फोनला निदान सहा आकडी पिन ठेवा, रेघांचा पॅटर्न नको, गर्दीत बोटाच्या ठशाने उघडा. आयफोनवर 'स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन' चालू करा.

'सगळी अंडी एकाच टोपलीत' ही हरकत रास्त आहे आणि तिला उदाहरणही आहे. २०२२ साली लास्टपास या मॅनेजर कंपनीकडून ग्राहकांच्या कुलूपबंद तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्यात साइटचे पत्ते उघडे होते, पासवर्ड कुलूपबंद. धोका प्रामुख्याने कमकुवत मुख्य पासवर्डवाल्यांना आणि कूटबद्धतेच्या जुन्या, हलक्या सेटिंगवर राहिलेल्यांना होता. सहा यादृच्छिक शब्दांची तिजोरी चोराच्या हातात असली तरी त्याला ती उघडता येत नाही. पाचवरून सहावर जायचा आग्रह यासाठीच.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी मॅनेजरचं खातं उघडा, त्याला दुहेरी तपासणी (पासवर्डानंतर ओटीपीसारखी दुसरी पायरी) लावा आणि ती पायरी हरवल्यास उपयोगी पडणारा रिकव्हरी कोड कागदावर उतरवा. मग ब्राउझरमध्ये साठलेले पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढून मॅनेजरमध्ये भरा. ही फाइल म्हणजे साध्या अक्षरांतली अख्खी यादी. काम झाल्याबरोबर ती डाउनलोड फोल्डरमधून आणि रीसायकल बिनमधूनही काढा, आणि 'तात्पुरती' म्हणून स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करू नका. नंतर ब्राउझरची 'पासवर्ड सेव्ह करू का?' ही विचारणा बंद करा, नाहीतर एकाच खात्याचे दोन पासवर्ड दोन ठिकाणी साठतात आणि जुना कुठला, नवा कुठला हे कळेनासं होतं. पासवर्ड बदलायला सुरुवात ईमेलपासून, कारण 'पासवर्ड विसरलात?' या दुव्याने बाकी सगळी दारं ईमेलमधूनच उघडतात. त्यानंतर बँका, मग सरकारी खाती, मग ज्यात कार्ड साठवलंय अशी दुकानं. उरलेली एका बैठकीत संपवायची नाहीत, जसजसं लॉगिन कराल तसतशी बदला.

बदलताना लागणाऱ्या ठेचा ठरलेल्या आहेत. मॅनेजरमधल्या जनरेटरने नवा पासवर्ड काढला, साइटवर चिकटवला, 'सबमिट' दाबलं आणि मॅनेजरमध्ये जपायचं राहिलं, असं होतं. आधी मॅनेजरमध्ये जपा, मग साइटवर दाबा. राहून गेलंच तर जनरेटरचा इतिहास पाहा, बहुतेक मॅनेजरमध्ये तो असतो. दुसरी ठेच जास्त त्रासाची: काही साइट लांब पासवर्ड काही न सांगता कापतात. तुम्ही २४ अक्षरं दिलीत, तिने पहिली १६ ठेवली, आणि लॉगिनच्या पानावर २४ टाकली की 'चुकीचा पासवर्ड'. म्हणून बदलल्याबरोबर, जुनं सत्र चालू असतानाच, ब्राउझरच्या खासगी खिडकीत नवा पासवर्ड टाकून पाहा. चालला नाही तर पहिल्या खिडकीतून लगेच आखूड पासवर्ड लावता येतो. आपल्याकडच्या बँकांच्या आणि सरकारी साइटना १६ अक्षरं आणि मोजकी चिन्हं, म्हणजे @, # आणि _ एवढी ठेवली तर सहसा अडत नाही. काही बँका चिकटवू देत नाहीत किंवा पडद्यावरचा कीबोर्ड पुढे करतात. तिथे हाताने टाइप करायचा असतो, तर जनरेटरमधून ओ आणि शून्य, एल आणि एक अशी गोंधळाची अक्षरं वगळायचा पर्याय चालू करा.

मॅनेजरचा एक फायदा पासवर्डाच्या ताकदीहून मोठा आहे: तो साइटचा पत्ता पाहून भरतो. बँकेसारखं हुबेहूब दिसणारं बनावट पान तुमच्या डोळ्यांना फसवेल, मॅनेजरला फसवणार नाही. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला गेला नाही तर तो हाताने शोधून चिकटवण्याआधी वरचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून आपल्या बँका २०२५ मध्ये 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर गेल्या, तेव्हा खऱ्या बँकेच्या पानावरही काहींचा पासवर्ड भरेना. अशा वेळी नवा पत्ता पासबुकावरून किंवा बँकेच्या अधिकृत अ‍ॅपमधून खात्री करून त्याच नोंदीत जोडायचा, एसएमएसमधल्या दुव्यावरून नाही.

दुहेरी तपासणीबद्दल थोडंच. एसएमएसचा ओटीपी नसण्यापेक्षा बरा, पण नंबर दुसऱ्याच्या सिमवर गेला की ओटीपीही तिकडे जातो. आपल्याकडे सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवतात ते यासाठीच. फोनची रेंज अचानक गेली आणि 'सिम बदलण्याची विनंती' असा संदेश येऊन गेला असेल तर ते २४ तास वाया घालवू नका. जिथे पर्याय असेल तिथे दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप लावा. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांना याचा दुहेरी उपयोग: भारतातला नंबर रिचार्जविना बंद पडला तर ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या कुणाला मिळू शकतो, आणि जीमेलचा रिकव्हरी नंबर तोच असेल तर पासवर्ड बदलण्याची चावी अनोळखी हातात जाते. जुने नंबर प्रत्येक खात्यातून काढा. गुगल दहा बॅकअप कोड देतं, प्रत्येकी आठ आकडी आणि एकदाच चालणारा. ते छापून घ्या. फोन हरवल्यावर लोक अडकतात ते बहुतेकदा इथेच: पासवर्ड आठवतो, दुसरी पायरी हरवलेल्या फोनवर असते.

पासकी हा नवा पर्याय दिसला तर घ्या. त्यात पासवर्डच नसतो, फोन किंवा मॅनेजर सही करतो आणि ती सही खऱ्या साइटशिवाय दुसरीकडे चालत नाही. फक्त ती एकाच फोनमध्ये अडकून राहू देऊ नका.

वही? वाईट नाही. सत्तरीतल्या आई-वडिलांना मॅनेजर जमत नसेल तर प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड लिहिलेली वही कपाटात ठेवणं हे सगळीकडे नातवाचं नाव लावण्यापेक्षा नक्कीच सुरक्षित. इंटरनेटवरचा चोर कपाट उघडत नाही. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची धास्ती असेल तर प्रत्येक पासवर्डाच्या शेवटी एकच ठरलेला शब्द टाकायचा आणि तो वहीत लिहायचा नाही. वहीचा फोटो काढून गॅलरीत ठेवणं मात्र नको, तो फोटो परस्पर ढगात जातो.

'आईचं नाव काय?' असले सुरक्षा प्रश्न महाराष्ट्रात तर निव्वळ थट्टा आहेत. आईचं नाव दहावीच्या गुणपत्रिकेवरच छापलेलं असतं. खरं उत्तर देऊ नका. जनरेटरमधून दोन-तीन शब्द काढून उत्तर म्हणून भरा आणि मॅनेजरच्या टिपणात लिहून ठेवा. ई-आधारच्या पीडीएफचा पासवर्ड, नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, हा सूत्रबद्ध आणि सगळ्यांना ठाऊक आहे. तशी फाइल पाठवणं म्हणजे जवळजवळ उघडी फाइल पाठवणं. त्या सूत्रावरून स्वतःचे पासवर्ड बेतणारे खूप आहेत, ते आधी बदला.

बँकेच्या सक्तीच्या बदलाबद्दल. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायचा आणि एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घालायचं, हे नियम बऱ्याच अंशी अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या २००४ सालच्या मार्गदर्शिकेतून जगभर पसरले. त्याच संस्थेने २०१७ साली दोन्ही नियम मागे घेतले: गळती झाल्याशिवाय बदल नको, चिन्हांची सक्ती नको, लांबी वाढवा. कारण सक्तीने बदलणारा माणूस शेवटचा १ काढून २ करतो. तुमची बँक अजून जुन्या नियमावर असेल तर वाद घालून उपयोग नाही. मॅनेजरने नवा काढा, मिनिटभराचं काम. स्वतःहून मात्र तेव्हाच बदला, जेव्हा साइट फुटल्याची बातमी येते, पासवर्ड कुणाला सांगितला गेलाय किंवा अनोळखी संगणकावर टाकलाय. 'हॅव आय बीन पोन्ड' या सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांच्या साइटवर ईमेल टाकून गळत्या पाहता येतात. तिथली पासवर्ड तपासणी तुमच्या पासवर्डाच्या हॅशची फक्त पहिली पाच चिन्हं पाठवते, त्यामुळे ती बिनधास्त वापरता येते. 'तुमचा पासवर्ड किती मजबूत ते तपासा' म्हणणाऱ्या इतर पानांत खरा पासवर्ड टाकू नका.

पिनचं गणित निराळं. चार आकड्यांचे पर्याय दहाच हजार, पण मशीन तिसऱ्या-चौथ्या चुकीला अडवतं, म्हणून तो चालतो. फक्त १२३४, ०००० आणि जन्मसाल वगळा, कारण तीन प्रयत्नांत पहिल्यांदा तेच लावतात. यूपीआयला सहा आकडी पिन मिळत असेल तर तो घ्या आणि फोनच्या पिनपेक्षा वेगळा ठेवा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन कार्डासोबत लिहून ठेवू नका, इथे वहीची सवलत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तोशीस शून्य असते. निष्काळजीपणा तुमचा ठरला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी. पैसे गेले तर १९३० वर फोन आणि बँकेला तक्रार, दोन्ही लगेच.

एक गोष्ट या प्रश्नांत सहसा येत नाही, गावाकडे मात्र ती सर्रास घडते. महाडीबीटीचा अर्ज, पीकविमा, शिष्यवृत्ती, पॅन अशा कामांसाठी सेवा केंद्रावर गेल्यावर चालक तुमच्या नावाने खातं उघडतो, पासवर्ड स्वतःच्या सोयीचा, म्हणजे नावापुढे '@१२३' असा ठेवतो आणि घाईत मोबाइल किंवा ईमेल स्वतःचाच टाकतो. फसवायचा हेतू असतोच असं नाही, पण त्या खात्याचा मालक तो होतो. खातं उघडताना आपलाच नंबर घालायला सांगा, ईमेल नसेल तर तो रकाना रिकामा राहतो का ते विचारा. घरी आल्यावर 'पासवर्ड विसरलात?' दाबून पाहा. ओटीपी तुमच्या फोनवर आला तर तिथूनच नवा पासवर्ड लावा. नाही आला तर केंद्रावर परत जाऊन समोर बसून आधी नंबर बदलून घ्या, मग पासवर्ड. तिथल्या संगणकावर लॉगिन करावंच लागलं, तर काम झाल्यावर लॉगआउट करून ब्राउझरच्या सेव्ह केलेल्या पासवर्डांत आपलं नाव राहिलंय का ते चालकाकडून उघडून पाहा आणि ती नोंद काढायला लावा.